सात रिकामे नंबर

शालू दांगटच्या लक्षात नावं राहत नसत, नंबर राहत. लक्ष्मी रोडवर एखादी बाई ओळखीचं हसली की शालू मनात म्हणे, 'पाच हजार एकशे नव्वद. उंची पाच-चार, चष्मा, परदेश चालेल.' आणि त्या बाईमागून पिशव्या सांभाळत येणारा घामाघूम गृहस्थ दिसला की, 'अरे, हा तर चार हजार नऊशे बारा! अपेक्षा : गृहकृत्यदक्ष.' मग तिला असं हसू लोटे की पदर तोंडाला लावून शेजारच्या दुकानात शिरावं लागे, आणि शिरल्यावर काहीतरी घ्यावं लागे. तिच्या घरी त्यामुळे सहा चहाच्या गाळण्या झाल्या होत्या.

हे सगळे नंबर तिनेच दिलेले होते. नारायण पेठेत उल्काताई परचुरे यांचं वधू-वर सूचक केंद्र होतं. जून १९७८मध्ये, एकविसाव्या वर्षी, शालू तिथे कामाला लागली. वडगावहून बसने स्वारगेट आणि स्वारगेटहून पायी, असा तिचा रोजचा रस्ता. धाकट्या तीन बहिणींची आणि एका भावाची लग्नं तिने केंद्रातल्या कार्डांतूनच जुळवली. या गडबडीत तिचं स्वतःचं राहून गेलं. कोणी मुद्दाम ठेवलं नाही, तिनेही कधी आठवण करून दिली नाही. गॅसवर दूध ठेवून माणूस दाराशी कोणाशी तरी बोलत उभा राहतो, तसं काहीसं झालं. फक्त हे दूध उतू गेलं नाही, मंद आचेवर तसंच राहिलं.

केंद्राच्या दारावर उल्काताईंच्या हातची पाटी होती :

'पत्रिका जुळते का, ते ज्योतिषाला विचारावे. मुलगा कसा आहे, ते त्याच्या आईला विचारू नये. दुपारी १ ते ४ या वेळात लग्ने जुळवली जात नाहीत.'

आत तीन कपाटं होती. मुलींची कार्डं गुलाबी, मुलांची निळी, पण नंबरांची ओळ एकच. नवीन स्थळ आलं की शालू नंबरिंग मशीन उचलायची. हे मशीन म्हणजे लोखंडी मुठीचा एक जडसा शिक्का. त्याच्या पोटात आकड्यांची चाकं. मूठ दाबली की 'खट्' असा आवाज होऊन कागदावर नंबर उमटायचा आणि चाक आपोआप एक घर पुढे सरकायचं. बाजूला एक खटका होता. तो तीनवर ठेवला की एकच नंबर तीनदा उमटून मग पुढे जायचा : एकदा फॉर्मवर, एकदा कार्डावर आणि एकदा फोटोच्या पाकिटावर. त्यामुळे फोटो कुठेही गेला तरी कोणाचा ते कळे.

या नंबरांचं महत्त्व शालूला १९८६मध्ये पटलं होतं. त्या वर्षी केंद्रात दोन उत्तरेश्वर माने आले. दोघेही बार्शीकडचे आणि दोघेही इंजिनिअर. उल्काताईंनी घाईत नंबराऐवजी नावावरून निरोप धाडला आणि सदाशिव पेठेत मुलगी बघायला भलताच उत्तरेश्वर गेला. त्याने दोन बशा पोहे खाल्ले, मुलीच्या आजोबांशी बुद्धिबळाचा डाव मांडला आणि पसंती कळवून मोकळा झाला. लग्न त्याच्याशीच झालं, सुखाचं झालं. पण खरा उत्तरेश्वर पुढे वर्षभर केंद्रात येऊन 'माझे पोहे' असं म्हणून उसासे टाकायचा.

नंबरासाठी आईबापांच्या नाना तऱ्हा असत. तेरा नको, शेवटी आठ नको, बेरीज नऊ आली पाहिजे. कोणी आंब्याच्या वड्यांचा डबा पुढे सरकवी. शालू डबा घेई, वड्या सगळ्यांना वाटी आणि मशीनवर येईल तोच नंबर देई. बावीस वर्षांत तिने एक नंबर गाळला नव्हता की दोनदा दिला नव्हता. कार्डावर शाई फुटली तर ते कार्ड काट मारून जपून ठेवलेलं असे. गुढीपाडव्याला केंद्राची वार्षिक सूची छापून निघायची. तीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने सगळे नंबर असत, आणि ज्याचं लग्न झालं त्याच्यापुढे 'विवाहित'. उल्काताई ती सूची छातीशी धरून म्हणत, "एक दात पडलेला नाही हिचा. माझे सगळे पडले."

आणि या मशीनमुळेच शालूच्या आयुष्यात सुखदेव लोणकर आले.

बुधवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं हातभर दुकान होतं. टाइपरायटर, तारखेचे शिक्के, नंबरिंग मशीन असल्या ऑफिसातल्या कुरकुरणाऱ्या वस्तू ते दुरुस्त करत. पत्नी फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. १९८९मध्ये मशीन पहिल्यांदा अडकलं तेव्हा ते आले. त्यांनी टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरलं, चिमट्याने चाकांमधून काहीतरी बारीक उपसलं, तेलाचा एक थेंब सोडला आणि रद्दी कागदावर दोनचारदा खट् खट् करून पाहिलं. मग दाभणासारख्या टोकाने चाकं मागे फिरवून नंबर होता तिथे आणून ठेवला.

"दांगटबाई, वापरलेले नंबर परत केलेत. मोजून घ्या," ते म्हणाले.

सगळं पुणं तिला शालूताई म्हणे. हा एकटा माणूस 'ताई' म्हणाला नाही. शालूने हे संध्याकाळी घरी निघताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ओळखलं आणि चौथी पायरी चुकली.

पुढच्या महिन्यात मशीन पुन्हा अडकलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. केंद्रात लग्नाच्या आमंत्रणपत्रिकांचा पाऊस असे. ज्यांची जुळली ते आठवणीने पत्रिका पाठवत, आणि पत्रिकेबरोबर पुडीत कुंकवाच्या अक्षता. कुंकू लावलेला तांदळाचा एक दाणा एककाच्या चाकाशी नेमका बसतो, हा शोध शालूला कसा लागला, हे तिने स्वतःलाही कधी स्पष्ट विचारलं नाही. महिन्यातून एकदा दाणा बसे, मशीन अडके, उल्काताई "बोलवा त्या लोणकरांना" म्हणत, आणि शालू जिना उतरून समोरच्या दुकानातून फोन लावी. त्या दिवशी ती अबोली माळून आलेली असे. मशीन बिघडायच्या आधीच अबोली कशी काय माळलेली असते, हा प्रश्न उल्काताईंसारख्या चतुर बाईलाही अकरा वर्षं पडला नाही.

असं सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात केंद्रात संगणक आला.

तो दिवस सोमवार, ६ मार्च २०००. उल्काताईंचा भाचा अमेरिकेला गेला होता आणि जाताना तो खोकी देऊन गेला. "पुण्यात आता पानवालाही संगणकावर चुना लावतो, आपणच मागे का?" असं उल्काताईंचं म्हणणं. संगणकावर केंद्राचं काम बसवायला आम्रपाली ओव्हाळ नावाची तेवीस वर्षांची मुलगी आली. वडील कचरू ओव्हाळ टपाल खात्यात, आणि मुलीने नुकतीच संगणकाची पदवी घेतलेली. बोलणं कमी, पण जे बोलेल ते ठेवणीतलं.

पहिल्याच दिवशी उल्काताईंनी तिला अडवलं. "नंबर असा पाहिजे की नुसता बघून स्थळ कळलं पाहिजे. आधी वय, मग उंची, मग गोत्र."

"वय दर वर्षी वाढतं, ताई. मग दर वर्षी नंबर बदलणार का?"

"मुलींचं नाही वाढत. सात हजार कार्डं आहेत पुराव्याला."

आम्रपाली हसली, पण हटली नाही. "नंबरात वय नको, गाव नको, जात नको. नंबर म्हणजे नुसता नंबर. ज्याला काही अर्थच नाही, तो कधी खोटा पडत नाही."

उल्काताई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. चहा घेशील का?" ही त्यांची शरणागती होती.

आम्रपालीने पडद्यावर एक तक्ता केला. त्याच्या पहिल्या रकान्यावर तिने बोट ठेवलं. "शालूताई, हा रकाना आपण भरायचाच नाही. नवीन नाव टाइप करायला लागलात की पुढचा नंबर संगणक आपोआप टाकतो. मागच्यापेक्षा एकने जास्त. कोणाला दोनदा देत नाही आणि कोणाच्या वड्या खात नाही."

"म्हणजे माझं मशीनच की!" शालूला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"तुमचं मशीनच. आणि कोणी कोणाला पसंत केलं त्याचा हा दुसरा तक्ता. यात नावं नाहीतच, नुसते नंबर. पाकिटावर तुम्ही शिक्का मारता ना, तसंच."

जुनी कार्डं आम्रपालीने महिनाभर आधीच, बाहेरच्या संगणकांवर तीन मुलांना बसवून भरून घेतली होती, ज्याच्या त्याच्या नंबरासकट. शेवटचं कार्ड ७२०३ होतं. मशीनच्या पोटात आता ७२०४ तयार होता, आणि संगणकही तिथूनच पुढे मोजणार होता.

"आता सरावाला एक नाव टाका. कोणाचंही," आम्रपाली म्हणाली आणि चहा प्यायला बाहेर गेली.

शालूने इकडेतिकडे पाहिलं. मग एका बोटाने टाइप केलं : दांगट शालू दत्तोबा. पहिल्या रकान्यात आपोआप उमटलं, ७२०४. तिला गुदगुल्या झाल्या. बावीस वर्षं सगळ्यांना नंबर दिले, पण तिला नंबर देणारा हा पहिलाच! उंची, पाच-एक. शिक्षण, अकरावी. वय तिने खरं लिहिलं, त्रेचाळीस, आणि केंद्राच्या इतिहासात एक विक्रम केला. 'अपेक्षा' या रकान्यापाशी बोट थोडा वेळ हवेत राहिलं. मग ते आपलं आपण चालू लागलं : 'महिन्यातून एकदापेक्षा जास्त वेळा यावा.'

दाराशी पावलं वाजली. शालूने घाबरून ती ओळ पुसून टाकली. आम्रपालीने पुसायचं बटण सकाळीच दाखवलं होतं, नशीब!

"टाकलंत?"

"टाकलं आणि पुसलं," शालू म्हणाली. कान लाल झाले होते. "आता तुम्ही टाका."

आम्रपालीने सकाळी आलेला पहिला फॉर्म घेतला. नंबर आला ७२०५.

"आणि ७२०४?" शालूने विचारलं. "तो मागे नाही का फिरवायचा? लोणकर दाभणाने फिरवतात."

"नाही, ताई. एकदा दिलेला नंबर गेला. माणूस पुसलं तरी नंबर परत येत नाही."

"का पण?"

"समजा ७२०४ला कोणी होकार कळवलाय. दुसऱ्या तक्त्यात तेवढाच नंबर लिहिलेला आहे. आपण तो नंबर उद्या दुसऱ्या मुलीला दिला तर मुलगा कुणाच्या दारात जाईल?"

"उत्तरेश्वर!" शालू म्हणाली. बावीस वर्षांत सूचीचा एकही दात पडला नव्हता. आज पहिला पडला, आणि तोही तिच्याच हातून.

पण खरं दुःख वेगळंच होतं, आणि ते तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मशीन कपाटावर जाऊन बसलं होतं. आता त्यात कितीही अक्षता भरल्या तरी अडकणार काय? आणि काही अडकत नसेल तर लोणकर येणार कशाला? शिवाय ते स्वतःच मागच्या खेपेला म्हणाले होते, "टाइपरायटर कोणी आणतच नाही हो, दांगटबाई. पाडव्याला दुकान आवरतो आणि सासवडला पुतण्याकडे जातो." तेव्हा शालूने "असं का, सासवडची हवा चांगली" असं म्हटलं होतं. असलं मूर्ख वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, याचं तिला तेव्हापासून नवल वाटत होतं.

म्हणून दुपारी एक ते चार, लग्नं जुळवली न जाण्याच्या वेळात, उल्काताई आत वामकुक्षीला आणि आम्रपाली डबा खायला गेली की शालू संगणकापुढे बसायची. नाव टाकायची. नंबर यायचा. अपेक्षा लिहायची, वाचायची, खुदकन हसायची आणि पुसून टाकायची. प्रत्येक वेळी ठरवायची, हे शेवटचं. दारू पिणाऱ्याचं कसं होत असेल ते तिला आता समजलं. अपेक्षा मात्र दर खेपेला सुधारत गेली. दुसऱ्यांदा 'आठवड्यातून एकदा', चौथ्यांदा 'रोज आल्यास हरकत नाही', आणि सातव्यांदा, शुक्रवारी २४ मार्चला, तिने नुसतं लिहिलं, 'जाऊ नये.' ती ओळ पुसताना तिला हसू आलं नाही.

सोमवार, २७ मार्च. सकाळी अकरा वाजता सूची छापखान्यात जायची होती. उल्काताईंनी कागद हातात घेतले आणि नेहमीप्रमाणे बोट टेकवून शेवटची पानं तपासू लागल्या. त्याच वेळी जिन्यावर चपला वाजल्या आणि लोणकर आत आले. उल्काताईंनीच त्यांना निरोप धाडला होता : जुनं मशीन घेऊन जा, सुटे भाग कामी येतील. शालूला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आज अबोली नव्हती. तिने कपाटावरचं मशीन काढलं, पदराने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. ही शेवटचीच खेप.

"थांबा लोणकर," उल्काताई म्हणाल्या. त्यांचं बोट कागदावर अडकलं होतं. "७२०३ नंतर ७२०५? ७२११ नाही. ७२१९ नाही." त्यांनी शेवटपर्यंत मोजलं. "सात नंबर गायब! आम्रपाली!"

आम्रपालीने कागद पाहिला. "कोणीतरी भरून पुसलेत, ताई. नंबर तेवढा खर्च झाला. कोण होतं त्याची नोंद संगणक ठेवत नाही, तशी सोय मी केलेली नाही."

"वा! सोय केलेली नाही. बावीस वर्षं एक नंबर चुकला नाही, आणि तुम्ही आल्यावर तीन आठवड्यांत सात स्थळं हवेत. शनिवार पेठेतल्या त्या दुसऱ्या केंद्राला दिलीत का?"

"सात स्थळं चोरून मी काय करू? मला लागलं तर एकच लागेल," आम्रपाली शांतपणे म्हणाली. पण तिची हनुवटी थरथरली, आणि ते शालूने पाहिलं.

"विनोद पुरे. सात नावं मिळाली नाहीत तर उद्यापासून येऊ नका."

शालूने मशीनकडे पाहिलं. मग आम्रपालीकडे. लोणकरांकडे तिने पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता.

"सात नावं नाहीत, ताई," ती म्हणाली. "एकच आहे."

"एकच म्हणजे?"

"ती मीच आहे. सातही वेळा मीच."

उल्काताईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. समोर तीच शालू होती. "तीन आठवड्यांत सात जन्म उरकलेत?"

"मी भरायची आणि पुसायची. पोरीचा काही दोष नाही. मला वाटलं होतं पुसलं की गेलं. नंबर मागे राहील हे कळलं तेव्हा एक पडलेलाच होता, आणि मग... मग सवय लागली."

"कसली सवय? नाव भरायची?"

"अपेक्षा लिहायची."

"आणि अपेक्षा काय होती?"

"ते नाही सांगणार."

"शालू, सूची छापायला थांबलीय!"

सूचीचा आणि अपेक्षेचा काय संबंध, हे त्या क्षणी कोणालाच सुचलं नाही. शालूने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी तिला नंबर आठवत, तसे आज शब्द आठवले. "महिन्यातून एकदापेक्षा जास्त वेळा यावा," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "आणि सासवडला जाऊ नये."

खुर्ची कुरकुरली. तीवर कोणी बसलेलं नव्हतं. लोणकरांनी नुसता हात टेकला होता. त्यांनी खाकरून घसा साफ केला, चामड्याची पिशवी उघडली आणि आतून खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी काढली. झाकण उघडून ती शालूपुढे धरली. आत लालसर तांदळाचे दाणे होते.

"एकशे सव्वीस," ते म्हणाले. "अकरा वर्षांत एकशे बत्तीस वेळा आलो. सहा वेळा मशीन खरंच बिघडलं होतं."

आम्रपालीने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांमधून निसटलंच.

"तुम्हाला माहीत होतं?" शालूने विचारलं.

"दांगटबाई, अडकलेला दाणा दरवेळी त्याच चाकात, त्याच कोपऱ्यात आणि आडवा. तांदूळ एवढा शिस्तीचा नसतो." त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "अक्षता आली म्हणजे लग्नाला बोलावणं आलं, एवढं मला कळतं. लग्न कोणाचं आणि कधी, हे मात्र कोणी सांगेना. मी आपला दर महिन्याला बोलावणं घेऊन परत जात होतो."

"मग विचारायचं नाही का!" शालू ओरडली. ती आजवर कधी कोणावर ओरडलेली नव्हती. आज ओरडली, आणि ओरडता ओरडता हसू लागली.

"इथे? या पाटीखाली?" लोणकर दाराकडे बोट दाखवत म्हणाले. "पाटी वाचून मी अकरा वर्षं भीतभीत पाणी मागत होतो."

उल्काताईंनी सूचीचे कागद खाली ठेवले. सगळ्यात आधी त्या आम्रपालीकडे वळल्या. "चुकलं माझं. उद्यापासून या. परवापासूनही या." मग लोणकरांकडे. "आणि तुम्ही, लोणकर. केंद्राचे नियम सगळ्यांना सारखे. आधी फॉर्म भरा."

लोणकरांनी उभ्या उभ्या फॉर्म भरला. वय अठ्ठेचाळीस. उत्पन्नाच्या रकान्यात लिहिलं, 'टाइपरायटरवर अवलंबून.' आणि अपेक्षेत, 'अबोली.'

आम्रपालीने दोघांना संगणकात घेतलं. लोणकर ७२४७, शालू ७२४८. शालूचा चेहरा जरा पडला. "मी ७२०४ होते हो. पहिला माझा तोच."

"तो नाही येणार, ताई," आम्रपाली म्हणाली. "आणि दोघांना एक नंबर तर हा मेला तरी देणार नाही."

"हा देईल," लोणकर म्हणाले.

त्यांनी मशीन पुढे ओढलं. सहा मार्चपासून कोणी मूठ दाबली नव्हती, त्याच्या पोटात ७२०४ अजून तसाच बसून होता. त्यांनी बाजूचा खटका तीनवरून दोनवर आणला आणि मशीन शालूच्या हातात दिलं. उल्काताईंनी न सांगता कपाटातून एक गुलाबी कार्ड काढलं आणि एक निळं.

खट्.

खट्.

दोन्ही कार्डांवर तोच नंबर, शाईसुद्धा सारखी. मग चाक एक घर पुढे सरकलं, आणि लोणकरांनी या वेळी ते मागे फिरवलं नाही.

सूची वेळेवर छापून निघाली. शेवटच्या पानावर उल्काताईंची तळटीप होती : 'या वर्षी सात क्रमांक रिकामे आहेत. कारण विचारण्यास येऊ नये. विचारल्यास सांगितले जाईल व त्यास दोन तास लागतील.'

घरी सांगायची वेळ आली तेव्हा शालू वडिलांपुढे शाळकरी पोरीसारखी उभी राहिली. दत्तोबा दांगट त्र्याहत्तर वर्षांचे, ओट्यावर पान कुटत बसलेले.

"आता गं?" ते म्हणाले. "करतो काय त्यो?"

"मशीन दुरुस्त करतात."

"वय?"

"अठ्ठेचाळीस."

"दात हायेत का सगळे?"

"हायेत, आबा."

"मग बरं हाय. माझं पान कुटून देईल." आणि खलबत्ता बाजूला सारून म्हाताऱ्याने डोळे पुसले. पान तिखट होतं, असं ते पुढे सगळ्यांना सांगत.

लग्न २१ मे रोजी, रविवारी, केंद्राच्याच हॉलमध्ये झालं. वेळ दुपारी एक ते चार. बाकीच्या वेळी तिथे दुसऱ्यांची लग्नं जुळत असत, आणि उल्काताईंना त्यात खंड चालणार नव्हता. पाहुणे आले ते शालूने नंबर दिलेले. ४९१२ पिशव्या घेऊनच आला, ५१९० त्याच्यापुढे. दोन्ही उत्तरेश्वर सहकुटुंब आले आणि दोघांनाही पोहे दिले. उल्काताई डबी घेऊन दाराशी उभ्या होत्या आणि चिमट्याने प्रत्येकाच्या तळहातावर कुंकवाचा एकेक दाणा ठेवत होत्या.

"एकच?" कोणीतरी विचारलं.

"एकशे सव्वीसच आहेत. नेम धरून टाका."

लोणकरांनी दुकान आवरलं नाही. प्रिंटरमध्येही चाकं असतात आणि त्यात कागद अडकतो, हे त्यांनी महिन्याभरात शोधून काढलं. केंद्राचा प्रिंटर मात्र फार चांगला निघाला. तो कधीच अडकला नाही, कारण अडकवायला आता कोणाला कारण नव्हतं. तरी लोणकर रोज संध्याकाळी जिना चढून येत आणि दाराशी उभं राहून म्हणत, "निघायचं का, दांगटबाई?"

लग्नानंतरच्या सोमवारी आम्रपालीने संगणकात ७२४७ आणि ७२४८ काढले आणि दोघांपुढे 'विवाहित' लिहिलं. "ताई, स्वतःच्या हाताने करायचं होतं का?" तिने विचारलं.

"नको गं बाई," शालू लांबूनच म्हणाली. "माझा हात चटकन पुसायच्या बटणावर जातो."